हकलबेरी फिनचा शेवट: टॉम आल्यावर जिमचं काय होतं?

कृष्णाकाठ

मंडळी, थोडी मदत हवी आहे. आमच्या वाचनगटाने यावेळी मार्क ट्वेनची 'हकलबेरी फिन' घेतलीय आणि चर्चेची सुरुवात मी करायची आहे. बऱ्याच जणांनी वाचली असेल असं धरून चालते, तरी थोडक्यात सांगायचं तर अमेरिकेत गुलामगिरी चालू होती तेव्हाचा मिसूरीतला काळ, दारुड्या बापाच्या तावडीतून निसटलेला १३-१४ वर्षांचा हक, आणि आपली मालकीण मिस वॉटसन आपल्याला आठशे डॉलरला खाली न्यू ऑर्लिन्सकडे विकणार हे कानावर पडलं म्हणून पळालेला जिम, असे दोघं तराफ्यावरून मिसिसिपीने निघतात.

माझी अडचण शेवटाशी आहे. ३१व्या प्रकरणात जिम पकडला गेल्यावर हक मिस वॉटसनला पत्र लिहितो की तुझा माणूस इथे आहे, बक्षिसाचे पैसे पाठव आणि घेऊन जा. लिहून झाल्यावर त्याला एकदम पाप धुऊन निघाल्यासारखं हलकं वाटतं. मग तो बसून राहतो आणि त्याला नदीवरचे दिवस आठवायला लागतात, म्हणजे आपली पहाऱ्याची पाळी आली तरी जिम आपल्याला न उठवता स्वतःच जागा राहायचा, धुक्यातून परत आलो तेव्हा त्याला केवढा आनंद झाला होता, असं सगळं, आणि शेवटी तो पत्र फाडतो आणि म्हणतो ठीक आहे, मग मी नरकात जाईन. मला वाटतं अख्ख्या कादंबरीत याहून मोठी जागा नाही.

आणि यानंतर काय, तर जिमला कोंडून ठेवलंय त्या फेल्प्सच्या शेतावर हकचा मित्र टॉम सॉयर येतो आणि पुढे जवळजवळ बारा प्रकरणं नुसता खेळ चालतो. जिमला झोपडीतून सोडवणं एका रात्रीचं काम असतं, पण टॉमला ते पुस्तकातल्या कैद्यांसारखं हवं असतं म्हणून दोरीची शिडी काय, उंदीर काय, साप काय, कोळी काय. हक थोडी कुरकुर करतो आणि सगळ्याला हो म्हणतो. आणि शेवटी कळतं की मिस वॉटसन दोन महिन्यांपूर्वीच वारली, मृत्युपत्रात तिने जिमला मोकळं केलं होतं आणि टॉमला हे पहिल्यापासून ठाऊक होतं!

मला राग आला, खरंच आला. ३१व्या प्रकरणातला हक गेला कुठे? आणि जिम, ज्याला आपण तोवर एक पूर्ण माणूस म्हणून ओळखायला लागलो, तो एकदम बाहुलं का होतो? हे लेखकाचं चुकलंय की मुद्दाम केलंय? गटात बहुतेक जण हाच प्रश्न विचारणार.

---

संध्या_वाचते

कृष्णाकाठ, छान प्रश्न आहे. मी फक्त हकबद्दल लिहिते, जिमबद्दल इथे माझ्याहून चांगलं लिहिणारे आहेत.

हक बदलला असं आपण ३१व्या प्रकरणानंतर धरून चालतो, पण नीट वाचलं तर त्याची मतं तसूभरही बदललेली नसतात. तो 'गुलामगिरी वाईट आहे' असं म्हणतच नाही. तो म्हणतो मी पाप करतोय, मी वाईटच आहे, माझी वाढच तशी झाली, तर मग नरक तर नरक. म्हणजे गावाने, चर्चने, मिस वॉटसनने शिकवलेलं सगळं त्याला अजूनही बरोबरच वाटतं, फक्त जिमच्या बाबतीत ते त्याच्या हातून होत नाही. एका माणसापुरतं त्याचं मन पुढे गेलंय, डोकं आहे तिथेच आहे.

आणि ट्वेन हे लगेच पुढच्याच प्रकरणात दाखवतो. हक फेल्प्सच्या घरी पोचतो, तिथली सॅली, म्हणजे टॉमची मावशी, त्याला टॉम समजते आणि उशीर का झाला विचारते, तर हा थाप मारतो की बोटीचा सिलिंडर फुटला. ती विचारते कुणाला लागलं का. हक म्हणतो, नाही, एक काळा मेला. ती म्हणते, बरं झालं बाई, कधीकधी माणसांना लागतं. आता ही थाप आहे, असा कुणी मेलेलाच नाही, पण हकच्या तोंडून ती किती सहज येते बघा, आणि तीसुद्धा नरकात जायची तयारी करून आल्यावर! माझ्या मते चर्चा या दोन वाक्यांपासून सुरू करा. आणि सॅली मावशी काही दुष्ट बाई नाही हे पण सांगा, ती प्रेमळ आहे, पोरांना जीव लावते, म्हणून तर ते वाक्य जास्त अंगावर येतं.

टॉमपुढे हक का नमतो याचंही उत्तर इथेच मिळतं. टॉम चांगल्या घरचा, शाळेत जाणारा, पुस्तकं वाचलेला. हकच्या लेखी टॉम म्हणजे 'बरोबर'. म्हणून टॉम जिमला पळवायला मदत करतो म्हणाला तेव्हा हकला आनंद न होता धक्का बसतो आणि टॉम त्याच्या मनातून उतरतो. आणि अगदी शेवटी जिम आधीच मोकळा होता हे कळल्यावर हकला काय वाटतं? टॉमने जिमला छळलं याचा राग येत नाही, उलट त्याला हायसं वाटतं की आत्ता उलगडलं, असल्या संस्कारांचा मुलगा गुलामाला सोडवायला तयार कसा झाला ते. हे वाचून मला फार वाईट वाटतं, पण हक असाच आहे, तो खोटा पडत नाही.

---

गोदातीर

संध्याताईंशी सहमत. आता जिमकडे येतो.

जिम बाहुलं होतो असं म्हणताय तिथे मला थोडं थांबवावंसं वाटतं. आपण सगळं हकच्या डोळ्यांनी बघतोय हे विसरायला नको, आणि टॉम आला की हकची नजर टॉमवर असते, जिमवर नसते. पण जिम काय *करतो* एवढंच बाजूला काढून वाचा. ३८व्या प्रकरणात टॉमला कैद्याचा शिलालेख कोरायला दगड हवा असतो म्हणून दोघं पोरं गिरणीवरून एक जातं, म्हणजे धार लावायचं मोठं दगडी चाक, ढकलत आणायला जातात आणि अर्ध्या रस्त्यात दमतात. मग काय करतात, तर जिमला बोलवायला जातात! जिम पलंगाचा पाय उचलतो, साखळी सोडवतो, ती स्वतःच्या गळ्याभोवती गुंडाळतो, भोकातून बाहेर येतो, हकबरोबर ते चाक सहज ढकलत झोपडीपर्यंत आणतो, टॉम नुसता देखरेख करतो, आणि परत आत जाऊन साखळी पलंगाच्या पायात अडकवतात.

म्हणजे जिम त्या क्षणी उघड्यावर उभा आहे, चालत निघून जाऊ शकतो. जात नाही. का जात नाही? एक तर दक्षिणेत एवढ्या खोल आत आलेल्या एकट्या काळ्या माणसाला जायला जागा नाही, आणि दुसरं म्हणजे बाहेर पडायचं तर या दोन गोऱ्या पोरांच्याच मदतीने, हे त्याला कळतं, त्यामुळे त्यांना जे हवंय ते करायला तो हो म्हणतो. तो विरोधही करतो हां, साप नको म्हणतो, उंदरांनी जीव खाल्लाय म्हणतो (आणि आधी बेटावर हकच्याच खोडीमुळे त्याला साप चावला होता हे लक्षात ठेवा), पण टॉम चिडला की माघार घेतो आणि माफीसुद्धा मागतो. जन्मभर मालकाची मर्जी सांभाळून जगलेला माणूस असाच वागेल.

काळा अमेरिकन कादंबरीकार राल्फ एलिसन याने १९५८ मध्ये जिमवर लिहिलंय, की ट्वेनने जिमला त्या काळच्या तमाशेवजा प्रयोगांतल्या विनोदी काळ्या नोकराच्या साच्यात बसवलं, आणि तरी त्या मुखवट्याच्या मागून जिमची प्रतिष्ठा दिसत राहते. मला हे अगदी पटतं. १५व्या प्रकरणात मुखवटा पूर्ण गळून पडतो. धुक्यात चुकामूक होते, जिमला वाटतं हक बुडाला, रडून रडून झोपतो, आणि हक परत येऊन त्याला सांगतो की असं काही झालंच नाही, तुला स्वप्न पडलं. जिम बिचारा त्या स्वप्नाचा अर्थ लावत बसतो. मग हक तराफ्यावर पडलेला पाला-कचरा आणि मोडलेलं वल्हं दाखवून विचारतो, याचा काय अर्थ? तेव्हा जिम जे बोलतो ते पाठ करून ठेवण्यासारखं आहे, की हा कचरा आहे, आणि मित्राच्या डोक्यावर घाण टाकून त्याला लाजवणारी माणसंसुद्धा कचराच. आणि उठून आत जातो. हकला माफी मागायला १५ मिनिटं लागतात पण तो मागतो.

अजून एक गोष्ट गटात नक्की काढा. ९व्या प्रकरणात पुरात वाहत आलेल्या घरात एक प्रेत असतं, जिम हकला त्याचं तोंड बघू देत नाही. शेवटच्या प्रकरणात तो सांगतो की ते तुझ्या बापाचं होतं. आपण म्हणतो किती माया! आहेच. पण विचार करा, बाप मेला हे हकला तेव्हाच कळलं असतं तर त्याला पळायचं कारणच उरलं नसतं, तो घरी गेला असता आणि जिम एकटा पडला असता. जिमला हे कळत नव्हतं असं मी मानत नाही. माया आणि स्वतःच्या जिवाची काळजी दोन्ही एकाच माणसात एकाच वेळी असतात आणि त्याने जिम कमी होत नाही, उलट तो खरा माणूस होतो.

---

तळकोकणी

गोदातीर, तुमचं जिमबद्दलचं वाचन सुंदर आहे पण शेवटाचा बचाव मला पटत नाही. फसलाय तो शेवट. हेमिंग्वेने १९३५ मध्ये लिहिलं की सगळं आधुनिक अमेरिकन साहित्य या एका पुस्तकातून निघालं, आणि त्याच दमात असंही सांगितलं की जिमला पळवून नेतात तिथे थांबा, तोच खरा शेवट, पुढची फसवणूक आहे. इतकं प्रेम करणारा माणूस हे म्हणतोय.

कारण अगदी व्यवहाराचं आहे. ट्वेनने १८७६ मध्ये लिहायला घेतलं आणि बोट तराफ्यावर आदळते त्या सुमाराला हस्तलिखित बाजूला ठेवलं, पूर्ण व्हायला १८८३ उजाडलं. अडला का? जिमला कैरोला (इजिप्तचं नव्हे, ओहायो नदी मिसिसिपीला मिळते तिथलं गाव) उतरून ओहायोने वर मुक्त राज्यांत जायचं होतं. धुक्यात कैरो मागे पडलं आणि नदी तर दक्षिणेकडे वाहते! पुढचा प्रत्येक मैल जिमला गुलामगिरीत आणखी खोल नेतोय. लेखकाला नदीचं खोरं दाखवायचं होतं, जिमला सोडवायचं होतं, दोन्ही एकत्र जमेना. मग मृत्युपत्राची युक्ती. समीक्षक लिओ मार्क्सने १९५३ च्या लेखात एलियट आणि ट्रिलिंगसारख्या बड्या टीकाकारांना याच मुद्द्यावर उत्तर दिलं होतं, ते दोघं शेवटाच्या बाजूने होते. मार्क्सचं म्हणणं मला योग्य वाटतं, जिमचं स्वातंत्र्य हा या प्रवासाचा गाभा होता आणि तो शेवटी मालकिणीच्या दयेवर सोडून दिला.

आणि 'मुद्दाम केलं' म्हणणाऱ्यांना एक विचारतो. १८८४-८५ च्या हिवाळ्यात ट्वेन लेखक जॉर्ज वॉशिंग्टन केबलबरोबर गावोगाव वाचनाचे कार्यक्रम करत होता. त्यात हाच जिमला सोडवण्याचा भाग तो स्टेजवर वाचायचा आणि लोक पोट धरून हसायचे. लेखकाला तो भाग विनोदीच वाटत होता.

---

गोदातीर

तळकोकणी, स्टेजवर लोक हसले हा मुद्दा मान्य. पण लेखकाला काय वाटत होतं आणि पानावर काय उतरलं यात फरक पडतो. ४० ते ४२ ही प्रकरणं बघा, तिथे जिमचं जे होतं ते काही हसायला लिहिलेलं नाही.

टॉमच्या पायाला गोळी लागते. जिम आत्ता खरोखर सुटलेला असतो. आणि तो म्हणतो डॉक्टर आणल्याशिवाय मी इथून हलत नाही, चाळीस वर्षं लागली तरी. त्यामुळे पकडला जातो. लोक त्याला फासावर द्यायचं म्हणतात, मग कुणीतरी आठवण करून देतं की याचा मालक येऊन भरपाई मागेल, म्हणून फाशी टळते. शिव्या देतात, थोबाडीत मारतात, हात आणि दोन्ही पाय साखळीने बांधतात, भाकरी आणि पाणी एवढंच द्यायचं ठरतं. मग डॉक्टर सांगतो की याने माझ्याबरोबर राहून पोराचा जीव वाचवला, असा माणूस हजार डॉलरचा आहे. सगळ्यांची मनं द्रवतात आणि ते कबूल करतात की आता याला शिव्या द्यायच्या नाहीत. बस. हकला आशा असते की एखाददुसरी साखळी तरी काढतील, भाकरीबरोबर भाजी देतील, पण ते कुणाच्या डोक्यातच येत नाही.

आता हे लिहिलं कधी जातंय? गुलामगिरी १८६५ ला कायद्याने गेली. १८७७ मध्ये काळ्यांच्या हक्कांना संरक्षण देणारं दक्षिणेतलं केंद्राचं सैन्य मागे घेतलं. १८८३ मध्ये, म्हणजे ट्वेनने पुस्तक संपवलं त्याच वर्षी, सुप्रीम कोर्टाने १८७५ चा नागरी हक्कांचा कायदा मोडीत काढला. कागदावर मोकळा आणि पायात साखळी, आणि ती साखळी ठेवणारे सगळे स्वतःला भले समजतात. ट्वेनने हे ठरवून केलं का ते मला नाही सांगता येणार, पण त्याच्या आसपास जे चाललं होतं ते त्या झोपडीत येऊन बसलंय एवढं नक्की.

---

संध्या_वाचते

चाळीस वर्षांवरून आठवलं, पुस्तकात चाळीस डॉलर किती वेळा येतात बघा. गुलाम शोधणारे दोघं हकच्या थापेने घाबरतात, त्यांना वाटतं तराफ्यावर देवीचा रोगी आहे, आणि ते वीस-वीस डॉलरची नाणी फळीवर ठेवून निघून जातात. पुढे तो 'राजा' म्हणवणारा लफंगा जिमला चाळीस डॉलरसाठी परक्याच्या हवाली करतो. आणि शेवटी टॉम जिमला इतका छान कैदी झाल्याबद्दल चाळीस डॉलर देतो, आणि जिम खूश होतो. मला ती खुशी बघवत नाही.

---

मिसूरीतून

मी सेंट लुईसला राहतो, ट्वेनचं लहानपण गेलं ते हॅनिबल गाव इथून गाडीने दोनेक तासांवर. गाव बघून आलो की पहिलं लक्षात येतं ते म्हणजे तिथे सगळीकडे टॉम आहे. कुंपण टॉमचं, गुहा टॉमची. गावातल्या काळ्या लोकांचा इतिहास सांगणारं 'जिम्स जर्नी' नावाचं छोटं संग्रहालय २०१३ मध्ये उघडलं, गेलात तर तिथे जरूर जा.

शेवटाबद्दल एक सांगायचंय जे वर आलं नाही. फेल्प्सचं शेत कुठून आलं? ट्वेनने आत्मचरित्रात सांगितलंय की ते त्याच्या काका जॉन क्वार्ल्सचं मिसूरीतलं फ्लोरिडा गावाजवळचं शेत, पुस्तकात त्याने ते उचलून खाली अर्कान्सामध्ये नेलं. लहानपणी दरवर्षी तो तिथे दोन-तीन महिने राहायचा आणि त्या दिवसांबद्दल, तिथल्या जेवणाबद्दल, त्याने इतकं मायेने लिहिलंय की वाचताना भूक लागते. तिथेच अंकल डॅनिअल नावाचा गुलाम होता, मुलांचा लाडका, त्याच्यावरून जिम घडला हेही ट्वेनच सांगतो. आणि हेही कबूल करतो की शाळकरी वयात गुलामगिरीत काही वाईट आहे असं मला वाटतच नव्हतं. म्हणजे ज्या शेतावर तो स्वतः सगळ्यात सुखात होता तिथेच नेऊन त्याने जिमला साखळीत बांधलाय. मला तरी हे नुसतं गोष्ट आटपायला केल्यासारखं वाटत नाही.

आणि मुंबईचा संबंध सांगतो. जानेवारी १८९६ मध्ये, जगभर व्याख्यानं देत फिरत असताना, ट्वेन मुंबईत उतरला. हॉटेलात खोली दाखवायला आलेल्या एका जर्मन माणसाने दार नीट करण्यावरून एका देशी नोकराच्या थोबाडीत दिली, नोकर काही न बोलता गुडघ्यावर बसून कामाला लागला. ट्वेन लिहितो की असं मी पन्नास वर्षांत पाहिलं नव्हतं, आणि एकदम मी लहानपणात गेलो, गुलामाला आपलं म्हणणं समजावून द्यायची हीच रीत होती हे मी विसरूनच गेलो होतो. मग त्याला आठवतं की दहा वर्षांचा असताना एका माणसाने रागाच्या भरात लोखंडाच्या खनिजाचा धोंडा गुलामाला मारलेला पाहिला, काम धसमुसळं केलं म्हणून, आणि तो गुलाम तासाभरात मेला. १८९७ च्या 'फॉलोइंग द इक्वेटर' मध्ये आहे हे.

हे वाचून हक फिनचं २३वं प्रकरण परत काढा. जिम रात्री बायकामुलांच्या आठवणीने रडत असतो आणि हकला सांगतो की चार वर्षांच्या लेकीला दार लाव म्हटलं, ती नुसती हसत उभी राहिली म्हणून थोबाडीत मारली, आणि मग वाऱ्याने दार धाडकन आपटलं तरी ती दचकली नाही तेव्हा कळलं की तापानंतर पोर बहिरी झालीय. मार खाणारा माणूस मारतो आणि त्याला जन्मभर टोचणी लागते. अख्ख्या पुस्तकात स्वतःच्या हातून घडलेल्या गोष्टीसाठी इतकं रडणारा मोठा माणूस फक्त जिम आहे.

---

कृष्णाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. मिसूरीतून, ते मुंबईचं मला अजिबात माहीत नव्हतं, गटात नक्की वाचून दाखवणार. सुरुवात संध्याताईंनी दिलेल्या सॅली मावशीच्या वाक्यांनी करेन आणि मग जातं ढकलण्याचा प्रसंग.

रात्री शेवटचं प्रकरण परत वाचलं आणि एक जाणवलं. १६व्या प्रकरणात जिमचा सगळा बेत आहे की पैसे साठवायचे, बायकोला विकत घ्यायचं, मग दोघांनी मिळून मुलांना सोडवायचं, मालक देईना तर कुणाकडून तरी पळवून आणायचं. शेवटी तिघं इंडियन टेरिटरीत (पश्चिमेकडच्या मूळ रहिवाशांच्या प्रदेशात) भटकायला जायच्या गप्पा मारतात, टॉम गोळी घड्याळासारखी गळ्यात अडकवून फिरतो, पण जिमच्या बायकोचा आणि मुलांचा एका शब्दाने उल्लेख नाही. ती अजून गुलामच आहेत ना? जिम मोकळा झाला म्हणून आपण पुस्तक मिटतो तेव्हा ती बहिरी पोरगी तिथेच असते. तळकोकणी, इथे मी तुमच्या बाजूला येते. ट्वेनने काहीही ठरवलं असो, हे त्याने सोडायला नको होतं.

---

तळकोकणी

अगदी. पर्सिव्हल एव्हरेटची 'जेम्स' (२०२४) नेमकी तिथेच हात घालते, सगळी गोष्ट जिम सांगतो आणि बायको-मुलगी त्याच्या डोक्यातून एक क्षण जात नाहीत. २०२५ चं पुलित्झर तिला मिळालं. गटात पुढच्या महिन्याला घ्या, पण ट्वेन संपवल्यावरच, आणि त्यात हकबद्दल एक मोठा खुलासा आहे तो कुणाला आधी सांगू नका.